म्हाताऱ्याची बोली

अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन वय चोरायची. जन्म १८९१ चा, पण सव्विसाव्या वर्षी बाल्टिमोरमध्ये फुकट शाळेत बसता यावं म्हणून तिनं दहा वर्षं बिनदिक्कत पुसून टाकली. या थापेचा मला मुळीच राग नाही. गरीब काळ्या मुलीनं शिकायचं तरी कसं?

राग येतो तो तिच्या एका लेखाचा. १९२७ मध्ये ती अलाबामात मोबाइल शहराजवळ कोसोलाला भेटली. १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजातून गुलाम म्हणून चोरून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी शेवटच्या हयात काहींतला हा एक. त्या भेटीवर तिनं छापलेला बराचसा मजकूर दुसऱ्याच लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता.

पण ती त्याच्याकडे पुन्हा गेली, या खेपेला पीच घेऊन. कधी दोघांनी मिळून कलिंगड फोडलं, कधी त्याला बोलायचंच नसायचं. मग ती निमूट परत फिरायची. फोटोसाठी त्यानं ठेवणीतला सूट चढवला आणि बूट मात्र काढून ठेवले. आफ्रिकेत असल्यासारखं दिसायचं होतं त्याला.

ईटनव्हिल या काळ्यांच्याच गावात, दुकानाच्या ओट्यावरच्या थापा ऐकत वाढलेली ही मुलगी. कोसोला बोलला तसंच तिनं लिहिलं. प्रकाशकाला ती बोली नको होती, शुद्ध इंग्रजी हवं होतं. ती हटली नाही, आणि हस्तलिखित पडून राहिलं. १९३७ च्या तिच्या कादंबरीतल्या बोलीवर काळा लेखक रिचर्ड राइट तुटून पडला. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी लिहिते, असा त्याचा रोख होता. त्याचा संताप मला कळतो, पण त्याचे कान तिच्याइतके तयार नव्हते. १९६० मध्ये ती फ्लोरिडातल्या सरकारी आश्रयगृहात वारली. कबरीवर दगडही नव्हता. तो पुढे १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकरनं बसवला.

कोसोलाचं पुस्तक, ‘बॅराकून’, २०१८ मध्ये निघालं. पहिली काही पानं मी अडखळलो, मग मोठ्यानं वाचू लागलो तेव्हा कुठे लय सापडली. झोरा त्याला त्याच्याविषयी विचारते, तर हा आजोबांपासून सुरुवात करतो. ती उतावीळ होते, मध्येच तोडते. म्हातारा तिला झापतो: वाडवडलांच्या आधी पोराची गोष्ट सांगतात का कुठे?

ही बोलणी तिनं गाळलेली नाहीत.