डोळे मिटले की फायली दिसतात

मागच्या वर्षी मावशीच्या वाढदिवसाला मी तिच्या फोनमध्ये मेडिटेशनचं ॲप टाकून दिलं. वर्षभराचं सबस्क्रिप्शन. आमच्या कंपनीत वेलनेसच्या नावाखाली ते सगळ्यांना मिळालं होतं आणि मला त्याचा थोडाफार फायदाही झाला होता. म्हटलं, मावशीलाही होईल. तीन आठवड्यांनी तिच्याकडे गेलो आणि ॲप उघडून बघितलं. स्ट्रीक शून्य.

"अरे, ती बाई म्हणते डोळे मिटा," मावशी म्हणाली. "डोळे मिटले की फायली दिसतात."

मावशी परिविक्षा अधिकारी आहे, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. लहानपणी मला वाटायचं, तीच प्रोबेशनवर आहे, कधीतरी कायम होईल. तिची नोकरी कंत्राटी असल्यामुळे माझं फार चुकलं होतं असंही नाही.

तिचं काम अठरा वर्षांखालच्या मुलांचं. एखाद्या मुलाला पोलिसांनी गुन्ह्यात ताब्यात घेतलं की मावशीला कळवतात. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तिने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरात कोण आहे, कमावतं कोण, शाळा कधी सुटली, मित्र कोण, हे असं का झालं असावं. बाल न्याय मंडळ निर्णय घेताना तो अहवाल वाचतं. मूल घरी गेलं तरी काम संपत नाही. पुढे कित्येक महिने तिच्या फेऱ्या चालू असतात.

या कामाची सुरुवात बॉस्टनमधली मानतात. १८४१ मध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभाराने कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याचा जामीन घेतला. याला तुरुंगात टाकू नका, मी बघतो याच्याकडे, असं म्हणून. गंमत म्हणजे माझ्या ॲपचं मूळही त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात सापडतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजात ताणासाठीचा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला. आपल्याकडे तर त्याआधीच, १९७५ मध्ये, जयपूरच्या तुरुंगात विपश्यनेचं शिबिर झालं होतं. १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून जास्त कैदी एकत्र बसले. ही गोष्ट सांगताना आपल्याला बहुतेक वेळा कैदीच आठवतात. जामिनावर किंवा देखरेखीखाली बाहेर असलेल्यांच्या दारात जाणारी माणसं कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

त्या मुक्कामात एकदा रात्री अकरा वाजता मावशी लॅपटॉपपुढे बसली होती. मी जवळ गेलो तशी तिने स्क्रीन वळवली. ही कागदपत्रं गोपनीय असतात. मग स्वतःच म्हणाली, "एक वाक्य ऐक." नाव, गाव काही न सांगता वाचलं : 'मुलगा उद्धट असून त्याला केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसत नाही.'

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये. त्या दिवशीची ती तिसरी गृहभेट होती. एसटी चुकली होती, जेवण झालं नव्हतं. तो मान वर करेना, बोलेना. मला राग आला होता. आता यातलं त्याचं किती आणि माझ्या भुकेचं किती?"

ते वाक्य तसंच ठेवून ती झोपली. दुसऱ्या दिवशी त्या घरी पुन्हा गेली आणि या वेळी मुलाशी अंगणात, एकट्याशी बोलली. पहिल्या वेळी त्याचे वडील सगळा वेळ दारात उभे होते. ते नसताना मुलगा बोलला. काय बोलला, ते तिने मला सांगितलं नाही. अहवालातलं ते वाक्य मात्र गेलं.

मी उत्साहाने म्हणालो, "मावशी, हेच तर माइंडफुलनेस! राग आलाय हे तुला वेळेत कळलं."

"नाव काहीही दे," ती म्हणाली. "पण त्या आठवड्यात फायली कमी होत्या, म्हणून परत जाता आलं. एरवी ते वाक्य तसंच गेलं असतं."

हे मला लागलं, कारण माझ्या धंद्यात हे आम्हाला नीट माहीत आहे. ऑन-कॉल असलेल्या इंजिनिअरला रात्रीत चाळीस अलर्ट आले, तर एकेचाळिसावा खरा असला तरी तो न बघता बंद करतो. त्यावर आम्ही त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगत नाही. बिनकामाचे अलर्ट बंद करतो, ड्यूटी वाटून घेतो. आमचा सर्व्हर पडला तर लोकांची ऑर्डर अडकते. मावशी थकली तर एका पोराच्या कागदावर 'उद्धट' हा शब्द चिकटतो.

म्हणजे श्वासाचा उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. मावशी आता गृहभेटीनंतर लगेच वही उघडत नाही. एसटीच्या थांब्यावर पाच मिनिटं नुसती बसते, 'मला आत्ता काय होतंय' एवढं बघते, मग लिहिते. ॲपपेक्षा हे तिला जमतं. पण ती पाच मिनिटं तिला कुणीतरी द्यायला हवीत. रिकाम्या जागा भरून, फायली वाटून. आत्ता ती स्वतःच्या जेवणाच्या वेळेतून काढते.

ॲपचं सबस्क्रिप्शन मी या वर्षी पुढे चालू ठेवलं नाही. त्याऐवजी एका रविवारी बसून तिच्या लॅपटॉपवर युनिकोडचा कीबोर्ड नीट लावून दिला आणि अहवालाचा कोरा नमुना तयार करून दिला. तीच कलमं, तेच मथळे दर वेळी नव्याने टाइप करायला नकोत. एका अहवालामागे अर्धा तास वाचतो म्हणते.

त्या अर्ध्या तासात काय करतेस, असं विचारलं. म्हणाली, "झोपते."