झिजलेले बुश

आमच्याकडची ट्रायम्फ स्पिटफायर १९६९ सालची. मामंजींनी ती बेळगावच्या कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली, तेव्हा सगळ्या भावकीनं नावं ठेवली होती. गाडीत माणसं मावणार दोन आणि घरात जेवणारी अकरा. ज्या धर्मात मुनिमहाराज आयुष्यभर अनवाणी विहार करतात, त्यातल्या माणसाला असली रेसची गाडी कशाला, असं एका आत्याबाईंनी तोंडावर विचारलं. मामंजी म्हणाले, "सीट रेक्झिनची आहे, चामड्याची नाही." एवढंच उत्तर.

मामंजी गेल्यावर गाडी शेडमध्येच राहिली. मग लेकीला पणजीला नोकरी लागली आणि तिनं आजोबांची गाडी चोर्ल्यावरून गोव्याला न्यायचा हट्ट धरला. गल्लीत एक फेरी मारली, तर पुढच्या डाव्या चाकातून प्रत्येक खड्ड्याला कट्ट असा आवाज. धाकटे भावजी म्हणाले, "वैनी, गिऱ्हाईक हाय, आवाज वाढायच्या आत देऊन टाकूया की." मी म्हटलं, विकायचं का ठेवायचं ते नंतर बघू, आधी खाली काय झालंय ते बघून घेऊ.

उद्यमबागेत एक वयस्कर मेस्त्री आहेत. त्यांचे हात स्टँडर्ड हेरल्डवर बसलेले. मद्रासला बनायची ती हेरल्ड आणि इंग्लंडची ही स्पिटफायर, दोघींची चेसिस एकाच घराण्यातली, पुढच्या चाकांची रचनाही तीच. त्यामुळे त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं. चाकं, स्प्रिंगा, इंजिन सगळं एकदम उघडं पडतं. मेस्त्री चक्क टायरवर बसले, आपण पाटावर बसून भाजी चिरतो तसे, आणि कामाला लागले. आजकालच्या गाड्यांत डोकं घालायला जागा नसते.

चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवायचं. हललं तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. हलणं थांबलं तर बेअरिंगचा दोष, तरीही हललं तर जोड झिजलाय. मी ब्रेक दाबून बसले होते. चाक हलतच होतं.

बुश म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही आधी नीट माहीत नव्हतं. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी दांडे चेसिसला जिथं जोडले जातात, तिथं लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची नळी असते. ती सारखी पिळली जाते, धक्के खाते, वय झालं की कडक होऊन चिरा पडतात. आमच्या बुशांचं रबर बोटानं दाबलं तर भाकरीच्या करपलेल्या कडेसारखं तुटून हातात येत होतं. आवाज तिथलाच.

पण खरं दुखणं आवाजाचं नव्हतंच. या गाडीत चाकाच्या उभ्या दांड्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात बसतं. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्यात फिरतो, बरणीचं फिरकीचं झाकण फिरावं तसा. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्या उलट-सुलट, म्हणून इकडचा तुकडा तिकडे चालत नाही. यात तेल घालायचं असतं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. आधीच्या कुठल्या तरी वर्कशॉपात त्यात ग्रीस भरलं होतं. ग्रीस तळापर्यंत जात नाही, घट्ट होऊन बसतं, पाणी मात्र झिरपत राहतं. मेस्त्रींनी दांडा सोडवून फडक्यानं पुसला आणि माझ्यासमोर धरला. आट्या संपतात तिथं गंजानं खाऊन खळगे पडले होते.

"वैनी, आवाज करतोय ते मरत न्हाई," ते म्हणाले. "हे गप बसलंय बघा. हे एका वळणावर मोडतंय, आन चाक आडवं हुतंय."

चोर्ल्याची वळणं ज्यांनी पाहिलीत त्यांना पुढचं सांगायला नको.

घरी चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन इंग्लंडहून मागवायचे, तो खर्च बराच होता. विकायच्या गाडीवर पैसे कशाला, बुश बदलून आवाज बंद करा म्हणजे झालं, असं भावजींचं म्हणणं. ते लबाड नाहीत, हिशोबी आहेत. मी म्हटलं, "भावजी, विकली तरी त्यात कुणाचं तरी लेकरू बसणारच की." त्यावर कुणी काही बोललं नाही. पार्सल यायला दीड महिना लागला.

पॉलियुरेथेनचे बुश घाला, जन्मभर बघायला नको, असं लेकीच्या एका मित्रानं सुचवलं. ते टिकतात हे खरं, पण कडक असतात, रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचवतात. आमच्या रस्त्यांना रबरच बरं. दांडे, ट्रनियन आणि वरचे बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे नवे घातले. शॉक एकाच बाजूचा गळत होता, तरी जोडीनं बदलले. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या, त्या बसल्या नव्हत्या. मागचा आडवा पाटाही तसाच.

एक गोष्ट मला फार आवडली. बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून आधी नुसते धरतील एवढेच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आत माणसं बसवायची, गाडी दोनदा दाबून सोडायची आणि मग पाना मारायचा. मी आणि लेक बसलो, मेस्त्रींनी खालून आवळलं.

हे मी आमच्या महिला मंडळात सांगितलं, तर एक ताई म्हणाल्या, "म्हणजे घरातली बाई बुशच गं." सगळ्या हसल्या. मला काही ते पटलं नाही. बुश झिजला तर निदान कुणी चाक हलवून बघतं, नवा आणून घालतं.

एवढं बदललं, मग ही मामंजींची गाडी राहिली का, हा भावजींचा प्रश्न मात्र चांगला होता. आचार्य समंतभद्रांनी सोन्याच्या घटाचा मुकुट केल्याचा दृष्टांत दिला आहे. घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा सुखी, आणि सोनं हवं असणाऱ्याला काहीच वाटत नाही. आमच्या घरात तिघंही होते. भावजींना जुने भाग जपून ठेवायचे होते, लेकीला नवे मिळाल्याचा आनंद. मेस्त्री बोल्ट मोजत होते.

अलाइनमेंट करून गाडी घरी आली. आता वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, ट्रनियनमध्ये तेल घालायचं, हे कॅलेंडरवर मीच लिहिते. ऐन वळणात एकदम पाय काढायचा नाही, ब्रेक आधीच मारायचा, नाहीतर मागचं चाक आत मुडपतं, हे लेकीकडून मेस्त्रींनी तीनदा म्हणून घेतलं.

ती निघाली त्या दिवशी साखळीला पोचल्यावर तिचा फोन आला. आवाज येतोय का, मी विचारलं.

"टप उघडा होता गं आई. वाऱ्याशिवाय काही ऐकूच आलं नाही."

मी म्हटलं, येताना टप लावून ये आणि ऐक.