घरचें कोठार

आमच्या घरीं येणारा पाहुणा चपला काढतांना हटकून विचारतो, "हें वर काय गुणगुणतें आहे?" चपलांच्या फडताळावर एक जुना, मिटलेला लॅपटॉप आणि त्याला जोडलेल्या दोन हार्ड डिस्क रात्रंदिवस चालू असतात. हा आमचा घरगुती सर्व्हर. लोक आपलीं छायाचित्रें व कागदपत्रें दूरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर ठेवतात. तीं घरींच ठेवण्याचा नाद मीं लावून घेतला आहे. यंत्राचें नांव 'कोठार'. त्यावर चालणारी डेबियन ही लिनक्सची आवृत्ति इयान मर्डॉक यानें १९९३ सालीं सुरू केली, आणि तिच्या नांवांत स्वतःच्या नांवाशीं प्रेयसी डेब्रा हिचें नांव गुंफलें. हें आमच्या सौभाग्यवतींना सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माझें नांव त्या खोक्याला द्याल तर खबरदार!"

नाद लागला तो २०२१ सालीं. एका बड्या परदेशी कंपनीनें छायाचित्रें अमर्याद व फुकट ठेवण्याची सोय त्या जूनपासून बंद केली. रागावण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवलेलें सामान केव्हां तरी उचलावें लागणारच. अशा कामाला जुना लॅपटॉप फार सोयीचा. वीज गेली तरी त्याची बॅटरी कांहीं वेळ तग धरते. सारें मिळून १५ वॅट धरले तरी महिन्याला ११ युनिटांच्या आंतच काम भागतें. खरा खर्च होतो तो रविवारांचा. छायाचित्रें दाखविणारा प्रोग्रॅम अद्ययावत करावा, तों कागदपत्रांचा रुसून बसतो. त्याची समजूत घालावी, तों पानावरचा भात निवून जातो. आणि खरें सांगायचें तर, सारें सुरळीत चाललें असलें कीं मला करमत नाहीं.

दोन्ही डिस्क अशा जोडलेल्या कीं एकीवर लिहिलेलें तत्क्षणीं दुसरीवरही उमटावें. एक बंद पडली तर दुसरी आहे, या भरंवशावर मी निर्धास्त झोपत असें. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आवाजाचीं ध्वनिमुद्रणें तेथेंच होतीं. शेवटच्या वर्षीं त्यांना दिसेनासें झालें होतें. संध्याकाळीं मी मोबाइल त्यांच्यापुढें ठेवी आणि ते बोलत : सांगलीच्या बाजारांतली हळद, १९६७ सालचा कोयनेचा भूकंप, आईशीं झालेलें पहिलें भांडण.

ते फाल्गुनांत गेले. आषाढांत एके रात्रीं मी डिस्कवरची जागा मोकळी करावयास बसलों. लिनक्समध्यें पुसून टाकण्याची आज्ञा दोन अक्षरांची आहे. तिला 'विचारूं नकोस' अशी पुस्ती जोडली कीं ती खरोखरच विचारीत नाहीं, आणि टोपलींतही कांहीं मागें ठेवीत नाहीं. मीं एक फोल्डर पुसावयाचा, तो भलताच पुसला. चूक ध्यानीं येतांच दुसऱ्या डिस्ककडे वळलों. तेथेंही कांहीं नव्हतें. दिवा विझविल्यावर आरशांत दिवा कोठून राहणार? जुळी डिस्क यंत्राच्या मरणापासून वांचविते, मालकाच्या हातापासून नाहीं. हें प्रत्येक जाणता सांगतो. मीही इतरांना सांगत आलों होतों.

दिवाळींत साताऱ्याला बहिणीकडे एक डिस्क ठेवून आलों होतों, ती उपयोगी पडली. दिवाळीपर्यंतचे अण्णा परत आले; त्यानंतरचे आले नाहींत. शेवटल्या चार महिन्यांचें तें मंदावलेलें, मध्येंच थांबणारें बोलणें गेलें. भूकंपाची गोष्ट आहे. आईशीं झालेल्या भांडणाची अर्धीच आहे. कंपन्यांच्या यंत्रांवर पुसलेलें बहुधा कांहीं दिवस टोपलींत राहतें. म्हणजे ज्या परावलंबनाला कंटाळून मीं हा खटाटोप मांडला, त्यानेंच तें बोलणें वांचविलें असतें. हें मला झोंबतें, आणि अजून घरांत बोलून दाखविलेलें नाहीं.

तरीही नाद सुटला नाहीं. आतां दररोज रात्रीं २ वाजतां कोठारांतील नवें तेवढें साताऱ्याच्या डिस्कवर जातें, आणि येथें पुसलेलेंही तेथें वर्षभर टिकतें. रात्रीं पाणी प्यायला उठलों आणि फडताळावरचा तो हिरवा दिवा लुकलुकतांना दिसला, कीं अण्णा घरांतच आहेत असें वाटतें. हें खूळ आहे, पण सोडवत नाहीं.

परवा सौभाग्यवतींनीं विचारलें, "तुमच्या मागें हें कोण पाहणार?" मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशीं दोनशें पानी वही आणली आणि पासवर्ड, तारांच्या जोडण्या, साताऱ्याची डिस्क, सारें क्रमानें लिहिलें. सोळा पानें भरलीं. त्यांनीं तीं शांतपणें वाचलीं, आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "येथें 'नेहमीप्रमाणें सुरू करावें' असें लिहिलें आहे. नेहमीप्रमाणें म्हणजे कसें?"

तें पान मी पुन्हां लिहीत आहें.