निर्वाण नावाचा मुक्काम



सुट्टीत वाडीला आलेल्या नातवाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची जाडजूड पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. अमेरिकेतला १९७४ सालचा खेळ. त्यात प्रत्येक पात्राचा कल लिहावा लागतो, त्याला अलाइनमेंट म्हणतात. नियमाने चालणारा की बेबंद, भला की दुष्ट. आधी तीनच कल होते, १९७८ च्या पुस्तकात नऊ झाले. आणि सगळं विश्व त्याच हिशोबाने वाटलेलं! नियमबद्ध दुष्टांना नऊ पातळ्यांचा नरक, बेबंद दुष्टांच्या नरकाला तर म्हणे ६६६ थर.

मला हे सारं ओळखीचं वाटलं. आपल्याकडे सात नरकभूमी, सोळा स्वर्ग, आणि कुणाची जागा कुठे ते ज्याच्या-त्याच्या परिणामांवरून. फार आरंभ-परिग्रह केला तर नरकायुष्य, कपट केलं तर तिर्यंच गती, हे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहेच.

पण एका नावापाशी मी अडखळले. भल्या-बुऱ्याशी देणंघेणं नाही, नुसता नियम, अशांच्या लोकाला जुन्या पुस्तकांत ‘निर्वाण’ म्हटलं होतं. तिथे काय, तर एकमेकांत अडकून फिरणारी दातेरी चाकं! पुढे ते नाव बदलून ‘मेकॅनस’ केलं, बरं झालं. चाकांत अडकून फिरणं म्हणजे तर संसार. मी कॉमर्सवाली, मला ते असं दिसतं: पुण्याची का असेना, शिल्लक पुढे ओढली की नवा जन्म आलाच. सिद्धशिलेवर खातंच बंद.

नातवाने माझ्या नावापुढे पेनने ‘लॉफुल गुड’ लिहिलं. मी म्हटलं, पेन्सिलने लिही बाबा. त्याला जांभळाच्या झाडाखालच्या सहा जणांची गोष्ट सांगितली. एकाला झाड मुळासकट तोडायचंय, शेवटचा खाली पडलेली फळं वेचतो. या सहा लेश्या एकाच माणसात दिवसभरात आलटून पालटून येतात. भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझी कोणती असते, ते मी सांगितलं नाही.

मग त्याने विचारलं, “आजोबा कुठल्या लोकात असतील गं? ते तर भलेच होते.”

होतेच. पण पुढचं आयुष्य कोणत्या घडीच्या भावाने बांधलं गेलं, ते केवलीच जाणतात. मी एवढंच सांगितलं, की जीव वाटेत थांबत नाही, फार तर चौथ्या समयाला नव्या जागी पोचतो. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मनुष्यगती मिळाली असेल, तर गर्भाचे नऊ महिने धरून आता चार वर्षांचे असतील.

“म्हणजे बालवाडीत?” नातू म्हणाला.