माणसं वाढली, पण कुठे?

२०११च्या जनगणनेचे आकडे आले, तेव्हा बेळगावचं वडिलोपार्जित घर विकून आलेले पैसे आमच्या बँकेत पडून होते. बेंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांवरून ९६ लाखांवर गेली होती. नातेवाईक म्हणायचे, या शहरात कुठेही फ्लॅट घ्या, भाडेकरू दारात उभा राहील. माझ्या नवऱ्यालाही ते पटत होतं. मला पटेना, कारण आम्ही राहत होतो त्या मल्लेश्वरममधल्या गल्लीत घरं रिकामी होत होती. मुलं परदेशी, मागे म्हातारे आईवडील. चिकपेठेत जावं तर जुन्या घरांची गोदामं झालेली. मग ही वाढलेली तीसेक लाख माणसं गेली कुठे?

ती शहराच्या कडेला गेली होती. २००७ मध्ये आसपासच्या नगरपालिका आणि ११० गावं जोडून महानगरपालिका मोठी झाली. महादेवपुरा, बोम्मनहळ्ळी अशा त्या नव्या भागांत गर्दी वाढत होती. पण कडही सगळीकडे सारखी नव्हती. २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि देवनहळ्ळीच्या रस्त्याला जमिनीचे भाव चढले. आम्ही तिकडे मुद्दाम दिवेलागणीनंतर जायचो आणि नव्या इमारतींच्या किती खिडक्यांत उजेड आहे ते बघायचो. फार थोड्या खिडक्या उजळलेल्या असायच्या. तिथे घर घेणारे होते, राहणारे अजून आले नव्हते. व्हाइटफील्डच्या होप फार्म चौकात मात्र संध्याकाळी कंपन्यांच्या बसमधून तरुण मुलंमुली उतरायची आणि पायीच घराकडे वळायची. पीजीच्या पाट्या खांबाखांबावर. भाडं कुठून येणार हे त्या चौकात मला कळलं.

२०१३ मध्ये आम्ही तिथून जवळच, काडुगोडीच्या बाजूला, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अठ्ठेचाळीस लाख. भाडं सोळा हजार आणि इथल्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचं डिपॉझिट. देखभाल आणि कर वजा जाता वर्षाला तीन-साडेतीन टक्के हातात येत. तेव्हा बँकेची मुदत ठेव नऊ टक्क्यांच्या आसपास देत होती. भाड्यासाठी घर घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, असं मी सगळ्यांना सांगते. शिवाय पुढची चार-पाच वर्षं भाडं फारसं वाढलंच नाही. माणसं येत होती, पण समोरच्या मोकळ्या रानात नवे टॉवरही तितक्याच वेगाने उभे राहत होते. भाडेकरूला निवड होती. लोकसंख्येच्या आकड्याशेजारी बांधकामाचा आकडा मांडल्याशिवाय काहीच कळत नाही.

२०२० मध्ये आमच्या फ्लॅटमधली दोन भाडेकरू मुलं लॅपटॉप घेऊन ओडिशाला आपल्या गावी गेली. डिपॉझिट परत केलं, घर कितीतरी महिने बंद राहिलं. कामासाठी आलेला माणूस काम घरी आलं की जातो. मग ऑफिसं उघडली, आणि २०२२ च्या अखेरीपासून भाडी अशी उसळली की शेजारच्या फ्लॅटचं भाडं एका करारातच दीडपट झालं. २०२३ मध्ये मेट्रो व्हाइटफील्डला पोचल्यावर ते आणखी चढलं. दलाल मला फोन करकरून सांगायचा, नवा भाडेकरू बघा. आमच्याकडे तेव्हा तान्ह्या बाळाचं कुटुंब होतं. मी भाडेवाढीत वर्षाला पाच टक्क्यांवर गेले नाही. घर हे कुणाचं तरी राहण्याचं ठिकाण आहे, आणि ते हलवावं लागण्याचा त्रास मी बदलीवाल्या नवऱ्याबरोबर पुष्कळ भोगला आहे.

तरी ते कुटुंब गेलंच. मार्च २०२४ मध्ये सोसायटीच्या बोअरला पाणी राहिलं नाही. शहरातल्या सुमारे १३,९०० सरकारी बोअरपैकी ६,९०० आटल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी तेव्हा सांगितलं होतं. टँकरची वाट बघत रात्री दोनला बादल्या भरणारी ती मुलगी म्हणाली, "काकू, भाड्याचं काही नाही हो, बाळाला अंघोळ घालता येत नाही." इतकी माणसं ज्या गावांत येऊन राहिली, त्या ११० गावांसाठीचा कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा त्या ऑक्टोबरात सुरू झाला. माणसं आधी आली, पाणी कितीतरी वर्षांनी.

आता माझा भाचा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे घर बघतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका तिकडे बोम्मसंद्रापर्यंत गेली, म्हणून सगळे तिकडेच बोट दाखवतात. २०२१ची जनगणना झालीच नाही, तेव्हा त्याच्या हातात जनगणनेचा ताजा आकडाही नाही. "मावशी, मग बघू कशावर?" त्याने विचारलं. मी त्याला संध्याकाळी बोम्मसंद्रा स्टेशनाबाहेर उभं राहून माणसं कुठे वळतात ते बघायला सांगितलं. आणि सोसायटीकडून मार्च-एप्रिलची टँकरची बिलं मागायला. बिलं अजून आलेली नाहीत. ती आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, एवढं त्याने कबूल केलं आहे.