खाडीकाठचा वर्ग

परिसंस्था ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये मांडली. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक मिळून एकच व्यवस्था बनते, हा तिचा गाभा. सहावी ते आठवीच्या मुलांची ही व्याख्या पाठ होते. समजतेच असे नाही.

ठाणे खाडीच्या काठी ती डोळ्यांना दिसते. तिवराची पाने चिखलात गळून कुजतात. जिवाणू आणि खेकडे त्यांवर जगतात, खेकड्यांवर आणि मासळीवर बगळा. दिवसातून दोनदा येणारी भरती या साऱ्याला मीठ, गाळ आणि अन्न पुरवते.

पण एका वर्गातली सगळी मुले एकाच वाटेने शिकत नाहीत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ कॅरोल अ‍ॅन टॉमलिन्सन यांनी आशय, शिकण्याची रीत आणि शिकलेले मांडण्याचे रूप मुलांच्या तयारीप्रमाणे बदलावे, असे सुचवले. वाचन जड जाणाऱ्याला चित्रांवरून अन्नसाखळी जुळवता येते. कोळीवाड्यातल्या मुलीला निवटी मासा कुठे सापडतो हे पुस्तकाआधीच ठाऊक असते. ते ज्ञान वर्गात मानाने यायला हवे. पुढे गेलेल्यांना अवघड प्रश्न द्यावा: एका पोषण पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोहोचते, मग खेकड्यांच्या मानाने बगळे किती असतील?

मागे पडणाऱ्यांना रंगकाम आणि हुशारांना विचार, ही वाटणी मात्र अन्यायाची आहे. तिवरे तोडली तर काय होईल, याचे उत्तर प्रत्येकाने शोधायचे. कोणी बोलून, कोणी रेखाटून, कोणी लिहून.