पदपथावरील रोबोट

मुलांना घेऊन एकदा मुंबईच्या काळा घोडा परिसरात जा. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाबाहेर पदपथावर चित्रकार बसलेले असतात. एखाद्याची अनुमती घेऊन मुलाला त्याच्या शेजारी बसवा. दोघांनीही रोबोट काढावा, अशी विनंती करा. घोडा चुकेल या भयाने माझी मुलगी पेन्सिलीपेक्षा खोडरबरच अधिक झिजवी. रोबोटचे ‘बरोबर’ रूप मोठ्यांनाही ठाऊक नसते. (हा शब्दही चित्रकाराचाच : नाटककार कारेल चापेक यांना त्यांच्या १९२०च्या नाटकासाठी तो चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचविला.) तुम्ही मात्र दोन पावले दूर राहा. मला ते साधले नाही. ‘हात सरळ काढ’ असे मी म्हणालेच. त्यावर त्या वृद्ध चित्रकाराने मुकाट्याने आपल्या रोबोटचाही हात वाकडा केला.